टॉर्टिया पिझ्झा मधे ओला का राहतो? ह्यूस्टनच्या एका स्वयंपाकघरातलं प्रकरण

ह्यूस्टनला एमएस करणारा माझा भाचा तीन मित्रांबरोबर दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. चौघेही मराठी: आमचा नगरचा, बाकीचे नागपूर, सांगली आणि डोंबिवलीचे. संध्याकाळची लेक्चर्स, मग लायब्ररी, एकाची कॅम्पसवर नोकरी. चौघे घरात जमेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. त्या वेळी कुकर लावायचं त्राण कोणातच नसतं. बाहेरून पिझ्झा मागवावा तर डिलिव्हरी आणि टिप धरून महिन्याचा हिशेब कोलमडतो. फ्रिजमध्ये मात्र मैद्याच्या टॉर्टियाचं पाकीट कायम असतं, कारण इथे शिकायला आलेल्या कितीतरी मराठी मुलांची रोजची पोळी म्हणजे तोच. त्याच टॉर्टियावर सॉस आणि चीज घालून पिझ्झा करावा, हे त्यांना सुचणं साहजिक होतं.

पिझ्झा होत होता, पण दर वेळी एकाच तऱ्हेने बिघडत होता. कड काळपट आणि कडक, मधला भाग लिबलिबीत, चीज पांढरट आणि तेलकट. तुकडा उचलला की टोक खाली लोंबायचं आणि वरचं सगळं ताटात पडायचं. भाच्याचा फोन आला: “मावशी, ओव्हन वाढवला तर कड जळते, कमी केला तर मधे चिखल. करायचं तरी काय?”

ही तक्रार मी इथल्या बऱ्याच घरांत ऐकली आहे. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: दोन मिनिटं जास्त ठेवा, नाहीतर तापमान वाढवा. त्याने काही सुटत नाही. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्या मुलांना रात्री दहा वाजता दहा-बारा मिनिटांत गरम, ताजं, कुरकुरीत काहीतरी करून खाता यावं, हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. म्हणून या प्रकरणाचा नीट तपास केला आणि तो इथे सविस्तर मांडते आहे.

नेहमीची पद्धत

मी गेले तेव्हा मुलांना सांगितलं, रोज करता तसाच करा, मी मधे बोलणार नाही. सांगलीच्या मुलाने ओव्हन ३५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १७५ सेल्सियसला लावला. पातळ ट्रेवर फॉइल पसरली. फ्रिजमधला गार टॉर्टिया थेट त्यावर. बरणीतला पास्ता सॉस डावाने दोनदा घातला. त्यावर कच्चा कांदा, ढोबळी मिरची, मशरूमच्या चकत्या, फ्रीझरमधले मक्याचे दाणे, आणि शेवटी पाकिटातलं किसलेलं चीज. ट्रे बारा मिनिटं आत.

प्रोटीन पावडर मोजायचा छोटा डिजिटल काटा ओट्यावरच होता. पुढचा पिझ्झा लावताना प्रत्येक थर त्यावर मोजायला लावला. आठ इंची टॉर्टिया ४९ ग्रॅम. सॉस ९० ग्रॅम. भाज्या ११० ग्रॅम. आता बरणीतल्या पास्ता सॉसमध्ये साधारण ८५ टक्के किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. मशरूम आणि ढोबळी मिरचीत ते ९० टक्क्यांच्या वर, कांद्यात त्याच्या जवळपास. मक्यात थोडं कमी. म्हणजे ४९ ग्रॅमच्या त्या पातळ चकतीवर पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी लादलेलं होतं. टॉर्टियाच्या वजनाच्या साडेतीनपट! आकडे बघितल्यावर चौघेही गप्प झाले. मग डोंबिवलीचा म्हणाला, “काकू, म्हणजे आम्ही टॉर्टिया भिजत घालत होतो.”

अगदी बरोबर बोलला. एखाद्या जागी पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या वर फारसं जात नाही. ओव्हनची सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि भाजलेल्या पदार्थाला जो तांबूस रंग आणि खमंगपणा येतो, तो भराभर येतो साधारण १४० अंशांच्या पुढे. मधल्या भागाला बारा मिनिटांत तिथवर पोचायची संधीच मिळत नव्हती. कडेवर सॉस नव्हता, भाजी नव्हती. ती पहिल्या काही मिनिटांतच कोरडी झाली आणि उरलेला वेळ करपत राहिली. कडेचं आणि मधलं, दुखणी दोन वाटतात, पण कारण एकच. म्हणूनच ओव्हनचं बटण इकडे-तिकडे फिरवून काही साधत नव्हतं.

फॉइलनेही भर घातली. चकचकीत फॉइल उष्णता परतवते, पातळ ट्रेमध्ये उष्णता साठत नाही, आणि टॉर्टियाखाली जमलेल्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते. खालची बाजू उलटून पाहिली तर ती जवळजवळ पाकिटातून काढली तशीच पांढरी होती.

टॉर्टिया आधीच भाजलेला असतो

पिठाच्या पिझ्झाची सगळी धडपड कच्ची कणीक शिजवण्यासाठी असते. नेपल्समधल्या भट्ट्या ४०० अंश सेल्सियसच्या वर तापतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. घरचा अमेरिकन ओव्हन फार तर २६० ते २९० पर्यंत जातो, म्हणून घरी पिठाचा पिझ्झा करायचा तर दगड, स्टील, आदल्या दिवशी मळून ठेवलेलं पीठ असा सगळा सरंजाम लागतो. टॉर्टियाला यातलं काहीच लागत नाही. तो कारखान्यात किंवा दुकानात भाजूनच आलेला असतो. आपल्याला तीनच गोष्टी करायच्या असतात: तो कोरडा करायचा, दोन्ही बाजूंनी तांबूस करायचा, आणि वरचं चीज वितळवून त्यावर डाग पाडायचे. एकदा हे डोक्यात बसलं की ३५० अंशांवर बारा मिनिटं ठेवण्याला काही अर्थच उरत नाही.

इथे मैद्याचाच टॉर्टिया हवा, मक्याचा चालणार नाही. मेक्सिकोचा मूळ टॉर्टिया मक्याचा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, भिजवायचा, वाटायचा आणि त्या पिठाचा करायचा. तो सहसा लहान असतो, ग्लूटेन नसल्यामुळे वाकवला की तडकतो, आणि ओल्या सॉसखाली लवकर हात टेकतो. गहू तिकडे स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात नेला. उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या प्रदेशात, सोनोरासारख्या भागात, तो चांगला रुजला आणि मैद्याचा टॉर्टिया त्या पट्ट्याचा रोजचा घास झाला. टेक्सास त्याच पट्ट्याला लागून, एकेकाळी मेक्सिकोचाच भाग. त्यामुळे ह्यूस्टनच्या कुठल्याही किराणा दुकानात मैद्याच्या टॉर्टियांची अख्खी भिंत दिसते. काही दुकानांत तर डोळ्यांसमोर भाजलेले, हाताला गरम लागणारे मिळतात.

मैदा, पाणी, मीठ, बऱ्यापैकी स्निग्धांश आणि बहुतेक वेळा बेकिंग पावडर, हे त्यातले मुख्य घटक. या प्रकरणात कामाला येतो तो स्निग्धांश. त्याच्यामुळे तापल्या लोखंडावर टॉर्टिया पटकन खुसखुशीत होतो.

शाकाहारी घरांनी मात्र पाकिटामागची यादी वाचावीच. पारंपरिक टॉर्टियात डुकराची चरबी असते. इंग्रजीत ती ‘लार्ड’ आणि मेक्सिकन दुकानांत ‘मान्तेका’ या नावाने लिहिलेली असते. मोठ्या ब्रँडचे बहुतेक टॉर्टिया वनस्पती तेलावर केलेले असतात, पण गृहीत धरू नये. चीजमध्येही तेच. दूध गोठवून चीज करायला वापरलेलं रेनेट प्राणिज असू शकतं. ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ रेनेट लिहिलंय का, ते पाहावं. नागपूरच्या मुलाच्या घरी मांसाहार वर्ज्य आहे आणि त्याला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

तवा की पॅन

पहिला उपाय म्हणून ट्रे आणि फॉइल बाजूला ठेवले. नागपूरच्या मुलाने आईने दिलेला लोखंडी तवा बॅगेतून आणला होता, त्यावर थालीपीठ छान होतं. तोच घेतला. टॉर्टिया सुरेख भाजला गेला, पण सॉस घातल्याबरोबर नवी अडचण उभी राहिली. तवा किंचित खोलगट. त्यामुळे टॉर्टियाही मधे वाकतो आणि सगळा सॉस घरंगळत तिथेच जमा होतो. शिवाय इथल्या काचेच्या सपाट शेगडीवर असा तवा फक्त मधोमध टेकतो, कडेला उष्णता पोचत नाही. थालीपिठाला याने फरक पडत नाही, पातळ टॉर्टियाला पडतो.

मग सपाट तळाचं बिडाचं पॅन आणलं, ज्याला इथे कास्ट आयर्न स्किलेट म्हणतात. सव्वादहा इंची, वीस-पंचवीस डॉलरच्या घरातलं, टेनेसीत ओतलेलं. ते आयुष्यभर टिकतं, मुलं शिकून परत जाताना पुढच्या बॅचला देऊन जाऊ शकतात. त्याचा तळ वरच्या तोंडापेक्षा लहान असतो, त्यामुळे आठ इंची टॉर्टिया त्यात बरोबर सपाट बसतो. दहा इंची बरीटोचा टॉर्टिया घेतला तर कडा भिंतीवर चढतात आणि मधे पुन्हा खड्डा होतो. तो हवाच असेल तर बारा इंची पॅन लागेल.

नॉनस्टिक पॅन या कामाला घेऊ नये, हे स्पष्ट सांगते. पुढची पायरी ब्रॉयलरची आहे, म्हणजे ओव्हनच्या छताला असलेली लालभडक कॉइल. तिच्याखाली नॉनस्टिकचा थर आणि प्लास्टिकची मूठ दोन्ही टिकत नाहीत. काचेचं भांडं तर तिथे कधीच ठेवायचं नाही, तडकून फुटू शकतं. बेकिंगचा कागदही नको, पेट घेतो.

जमलेली पद्धत

आधी ब्रॉयलर ‘हाय’वर लावून पाच मिनिटं तापू द्यायचा. जाळी अशा उंचीवर, की पॅनचा काठ कॉइलपासून पाच-सहा इंच खाली राहील. तेवढ्यात पॅन मध्यम आचेवर ठेवायचं, छोटा चमचाभर कॅनोला किंवा तत्सम तेल फिरवायचं. टॉर्टिया टाकला की तो फुलक्यासारखा टम्म फुगायला लागतो, कारण आतल्या ओलाव्याची वाफ दोन पापुद्र्यांमध्ये अडकते. भाच्याला ते इतकं आवडलं की तो फुगू देत होता. पण फुगलेला भाग पॅनपासून सुटतो आणि पांढरा राहतो. काट्याने पाच-सहा ठिकाणी टोचायचं आणि कडांवर उलथन्याने दाबायचं. मिनिटभरात खाली तांबूस ठिपके येतात.

आता टॉर्टिया उलटायचा आणि आच कमी करायची. भाजलेली बाजू वर आली, सॉस तिच्यावर. या एका पायरीने सगळ्यात जास्त फरक पडला. कोरडी, भाजलेली बाजू सॉस लगेच पिऊन घेत नाही, आणि न भाजलेली बाजू आता लोखंडाला टेकून भाजत असते.

सॉसच्या आधी चीजचा पातळ थर पसरायचा. वितळलेल्या चीजमुळे सॉस आणि टॉर्टियाच्या मधे आडोसा तयार होतो. त्यावर सॉस, तोही ठिपक्याठिपक्यांनी, एका टॉर्टियाला सपाट दीड मोठा चमचा, जास्त नाही. बरणीतला पास्ता सॉस आम्ही बंदच केला. त्याऐवजी डब्यातली टोमॅटो पेस्ट. अमेरिकन नियमाप्रमाणे पेस्टमध्ये टोमॅटोचा घन भाग किमान २४ टक्के असावा लागतो, म्हणून ती इतकी दाट. मोठा चमचाभर पेस्ट, छोटा चमचा तेल, सरकवण्यापुरतं पाणी, ठेचलेली लसणाची पाकळी, मीठ, ओरेगॅनो, चिमूटभर साखर. शिजवायचीही गरज नाही. सांगलीच्या मुलाने त्यात घरून आलेला कांदा-लसूण मसाला घातला आणि तो इतका चपखल बसला की आता तोच कायम झाला आहे.

चीज एका टॉर्टियाला एकूण ५५ ते ६० ग्रॅम. पाण्यात बुडवून मिळणारे ताज्या मोझरेलाचे गोळे नकोत. ‘लो मॉइश्चर’ लिहिलेला मोझरेला घ्यावा. अमेरिकन मानकाप्रमाणे त्यात पाणी ४५ ते ५२ टक्क्यांच्या मधे असतं, साध्या मोझरेलात ६० टक्क्यांपर्यंत. किसलेलं पाकीट घेण्यापेक्षा लादी आणून किसली तर जास्त छान वितळतं, कारण पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. आणि चीज अगदी काठापर्यंत, किंबहुना काठाच्या बाहेर थोडं सांडेल असं घालायचं. लोखंडावर पडलेलं चीज तळलं जातं आणि टॉर्टियाच्या कडेला तपकिरी, कुरकुरीत जाळी धरते. आता कड जळतही नाही, कारण ती उघडी नाही.

सगळं घालून होईपर्यंत खालची बाजू भाजत आलेली असते. उलथनं घालून एक कोपरा उचलून बघायचा. तांबूस डाग दिसले की पॅन ब्रॉयलरखाली, दोन ते तीन मिनिटं. या वेळात ओव्हनसमोरून हलायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही. चीजवर डाग पडण्यात आणि ते काळं होण्यात अर्ध्या मिनिटाचंच अंतर असतं. दार पूर्ण लावायचं की किंचित उघडं ठेवायचं, हे ओव्हनच्या पुस्तिकेप्रमाणे.

बाहेर काढल्यावर पिझ्झा थेट ताटलीत ठेवला तर खाली वाफ धरते आणि केलेलं सगळं दोन मिनिटांत मऊ पडतं. तारेच्या जाळीवर मिनिटभर ठेवायचा. मग फळीवर घेऊन सुरी चालवली की कर्र असा आवाज येतो. तो आला की समजायचं जमलं. कापताना त्रिकोण करू नयेत. शिकागोकडच्या बारमधला पातळ पिझ्झा चौकोनी कापतात, इथेही तसंच करावं. लांब टोकच नाही, तर लोंबणार काय?

भाज्यांचं थोडक्यात. कांदा, मिरची, मशरूम आधी त्याच पॅनमध्ये मोठ्या आचेवर, पाणी सुटून आटेपर्यंत परतायचे. झाकण नाही, मीठ शेवटी. मक्याचे दाणे कोरडे करून. एका टॉर्टियावर परतलेली भाजी दोन मोठे चमचे, बस. ढीग घालायचा मोह होतो, पण दोन गोष्टी घातलेला पिझ्झा पाच गोष्टींच्या पिझ्झापेक्षा चवीला उजवा लागतो, असं माझं ठाम मत आहे. रविवारी डबाभर परतून ठेवली की तीन-चार दिवस फ्रिजमध्ये राहते.

धुराचा अलार्म वाजण्याची भीती मुलांना होती, कारण अशा घरांत चिमणीची हवा बऱ्याचदा फिल्टरमधून पुन्हा घरातच सोडलेली असते. ओव्हनच्या तळाला सांडलेलं जुनं चीज घासून काढलं, तेल मोजून घातलं, खिडकी उघडली, एवढ्यावर भागलं. अलार्मची बॅटरी काढणं हा उपाय नव्हे, हे मी चौघांना बजावून सांगितलं. तसंच पॅनच्या मुठीचं. ती निखाऱ्याइतकी तापते आणि ओव्हनबाहेर आल्यावर तापलेली दिसत नाही. म्हणून पॅन शेगडीवर ठेवलं की मुठीवर कोरडं जाड फडकं टाकून ठेवायचं. ओलं फडकं कधीच नाही, त्यातल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो.

चौघांचं जेवण

पहिला पिझ्झा तयारीपासून ताटात यायला बारा मिनिटं लागतात, पुढचा प्रत्येक पाच मिनिटांत. पण माणसं चार, पॅन एक, आणि एकेकाला दोन पिझ्झे लागतात. दुसरं पॅन घ्यायचं त्यांनी टाळलं आणि वेगळी युक्ती काढली, जी मला फार पटली. खोलगट तव्यावर सगळे टॉर्टिया एका बाजूने भाजून जाळीवर पसरून ठेवायचे, एकावर एक रचायचे नाहीत. तव्याचा खोलगटपणा इथे आड येत नाही, कारण सॉस नसतोच. पॅनमध्ये मग फक्त दुसरी बाजू आणि ब्रॉयलर. एक जण तव्यावर, एक जण सॉस-चीज लावायला, एक ओव्हनपाशी, एक कापायला. पेपरोनी, म्हणजे मसालेदार मांसाच्या चकत्या, खाणारे दोघे सगळ्यात शेवटी करतात, म्हणजे नागपूरच्या मुलाचे पिझ्झे आधी स्वच्छ पॅनमध्ये होऊन जातात. हा क्रम त्यांनी आपसांत ठरवला, मी काही सुचवलं नव्हतं.

भाच्याने हे सगळं आईला व्हिडिओवर दाखवलं. माझ्या बहिणीकडे नगरला ओव्हन नाही, गॅस आणि लोखंडी तवा आहे. तिने सकाळच्या उरलेल्या पोळ्या घेतल्या आणि त्या चिवट झाल्या. पोळीत टॉर्टियाइतका स्निग्धांश नसतो, कणकेत कोंडाही असतो, त्यामुळे ती लोखंडावर लवकर खुसखुशीत होत नाही. तिला सांगितलं, “ताई, पोळी आधी मंद आचेवर तेलाचं बोट लावून, फडक्याने दाबत खाकऱ्यासारखी कडक कर, मगच पुढचं.” चीज वितळवायला झाकण ठेवावं लागतं आणि झाकणावर जमलेलं पाणी थेंबाथेंबाने खाली पडतं. त्यावर तिने स्वतःच मार्ग काढला: स्टीलच्या झाकणाला आतून कोरडं सुती फडकं बांधायचं, टोकं वर घेऊन गाठ मारायची, म्हणजे ज्योतीपासून लांब राहतात. दीड-दोन मिनिटांत चीज वितळतं. वरून तांबूस डाग पडत नाहीत, ते ओव्हनशिवाय अवघडच आहे. प्रोसेस्ड चीजच्या क्यूब किसून घातल्या तर त्या मऊ होतात पण त्यांना तार सुटत नाही, म्हणून ती आता मोझरेलाच आणते आणि चवीसाठी त्यात एक क्यूब किसते.